माझी पाटी कुठे आहे?

लहानपणी आमच्या घरी फोटो काढण्याचे एक जुने यंत्र होते. मामांनी ते जुन्या बाजारातून स्वस्तात आणले होते. त्याच्या भात्याला बारीक छिद्रे पडली होती. त्यांतून ऊन आत शिरे आणि मी काढलेल्या प्रत्येक चित्रावर पांढरे डाग उमटत. एके दिवशी मी वैतागून म्हणालो, "मामा, असल्या मोडक्या यंत्राने काय होणार?"

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी मला कोल्हापुरातील खरी कॉर्नरला नेले. तेथील कॅमेऱ्याचे स्मारक दाखवून त्यांनी मला बाबूराव पेंटरांची हकीकत सांगितली.

बाबूरावांचा जन्म १८९० साली कोल्हापुरात, कारागिरांच्या घराण्यात झाला. चित्रकला त्यांनी स्वतःच्या अभ्यासाने मिळवली. नात्याने भाऊ असलेल्या आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि आपणही हलती चित्रे करावीत, या ध्यासाने दोघांना घेरले. त्यांनी कॅमेरा स्वतःच घडवायचे ठरवले. फीत एका चित्रापुरतीच सरकावी, भिंगामागे क्षणभर थांबावी आणि पुन्हा सरकावी, एवढे साधणे फार अवघड होते. त्यातच १९१६ साली आनंदराव वारले. जोडीदार गेला, पण बाबूरावांनी काम सोडले नाही. दामले या शिष्याच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा पुरा केला. पुढे त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला.

"आणि १९२५ साली," मामा म्हणाले, "त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात ना देव, ना राजा. कर्जापायी जमीन गमावलेला एक साधा शेतकरी! बाळ, यंत्र घडवणे कठीण खरे. पण ते कोणाकडे वळवायचे, हे ठरवणे त्याहून कठीण."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. घरी येऊन मी भात्याची छिद्रे तेवढी काळ्या कापडाने बुजवली.

पुढे छायाचित्रण हाच माझा व्यवसाय झाला. एका हिवाळ्यात मी उसाच्या फडावर गेलो. बीडकडून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या तेथे होत्या. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डोक्यावर उसाची मोळी घेऊन येत होती. मागे सूर्य मावळत होता. मी झटकन चित्र घेतले. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने ते तिला दाखवले. तिने ते निरखून पाहिले आणि विचारले, "यात माझी पाटी कुठं आहे?"

मी ओशाळलो. तिने मला कोपीत नेले. कुडाला एक पाटी टांगली होती. हंगामासाठी घर सोडल्यापासून तिची शाळा सुटली होती. तरी रोज रात्री ती पाटीवर पाढे लिहीत असे. त्या रात्री मी तिचे दुसरे चित्र घेतले. उजेड कंदिलाचा होता आणि हात उसाच्या पात्यांनी कापलेले होते.

तिच्या आईवडिलांना विचारून ते चित्र मी जवळच्या शाळेत नेऊन दाखवले. गुरुजींनी ते बराच वेळ पाहिले. दुसऱ्याच दिवशी ते स्वतः फडावर गेले आणि आईवडिलांशी बोलून मुलीला शाळेत घेऊन आले. हंगाम संपेपर्यंत ती वर्गात बसली.

मामांच्या बोलण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. आता यंत्र डोळ्याला लावण्यापूर्वी मी समोरच्या माणसाला विचारतो, "तुझी पाटी कुठे आहे?"