कामटीचा तोल

संक्रांतीला आठवडा होता. लेकाने पतंग आणि नायलॉन मांजासाठी तीनशे रुपये मागितले. म्हणालो, पतंग घरीच करू. त्याने तोंड वाकडं केलं.

वरणगावात आम्ही लहान असताना विकतचे पतंग परवडत नसत. अब्बा बांबूच्या कामट्या तासायचे. उभी जाड, आडवी बारीक. आडवी मधोमध बोटावर तोलायची, जी बाजू झुकेल ती खरवडायची. मग अम्मीने शिजवलेली मैद्याची खळ आणि जुनं वर्तमानपत्र. हा कागद जड, त्याला वारा जोराचा लागतो. अब्बा म्हणायचे, "बेटा, कागज मत देख, तोल देख."

नायलॉनला मात्र मी साफ नकार दिला. 2017 साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो गुपचूप विकला जातोच. दोन वर्षांपूर्वी भुसावळहून मोटारसायकलवर येताना असाच मांजा माझ्या गळ्यावरून गेला. पाच टाके पडले. लेकाला व्रण दाखवला. सुती दोरा ताण आला की तुटतो. हा तुटत नाही, म्हणून चिरतो.

बांबू, कागद, सुती दोरा, सगळं मिळून पन्नास रुपयांत आलं. पहिला पतंग गिरक्या घेत पडला. कामटी पुन्हा खरवडली, कण्णी नव्याने बांधली. दुसरा चढला. शेजारच्या काकू तिळगूळ घेऊन गच्चीवर आल्या, तेवढ्यात कुणीतरी आमचा पतंग काटला.

लेक रडेल असं वाटलं. तो म्हणाला, "अब्बा, कामटी उरलीय का?"