हृदयाच्या आतला दाब

एटापल्लीहून नागपूर गाठायचे म्हणजे आलापल्ली, आष्टी, चामोर्शी, गडचिरोली असा अख्खा दिवस जातो. धाकट्या बहिणीला घेऊन आम्ही निघालो तेव्हा तिला गाडीत आडवेही होता येत नव्हते. पडली की श्वास कोंडायचा. गावात सगळे याला अशक्तपणा म्हणत. नागपुरात इको काढला आणि कळले, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप आखडली आहे. फुग्याने ती उघडता येईल, पण आधी हृदयात नळी नेऊन दाब मोजायचा.

अम्मींनी नेमके विचारले, "इकोत सगळं दिसलं, मग आत शिरायचं कशाला?"

डॉक्टरांनी न कंटाळता सांगितले. इको रक्ताच्या वेगावरून दाबाचा अंदाज बांधतो. नळी तो प्रत्यक्ष मोजते. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या बाजूला जाते, मधला पडदा सुईने छेदून डाव्या वरच्या कप्प्यात. निरोगी माणसात तिथला दाब साधारण १२ पर्यंत असतो. बहिणीचा २७ निघाला. झडपेपलीकडच्या कप्प्यात, तो भरत असताना, फक्त ९. म्हणजे रक्त दारातच अडत होते. पलीकडेही दाब चढलेला असता तर दम लागण्याचे कारण हृदयाच्या स्नायूतही असू शकले असते, आणि नुसत्या फुग्याने तो हटला नसता.

ही वाट सोपी झालेली नाही. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टराने स्वतःच्याच दंडातून हृदयापर्यंत नळी घातली आणि चालत एक्स-रे खोलीत गेला. १९५६ मध्ये त्याला आणखी दोन संशोधकांसह नोबेल मिळाले. फुगा जपानच्या कांजी इनोए यांचा, १९८२ चा.

बहीण जागीच होती. फुगा फुगवून काढल्यावर पुन्हा दाब मोजला, १४ आला. डॉक्टरांनी आकडा मोठ्याने वाचला, बाहेर अम्मी तस्बीह फिरवत होत्या. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला. जाताना रेशनकार्ड न्यावे.

हा आजार बहुधा शाळेच्या वयातच सुरू होतो. घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघे-घोटे आळीपाळीने सुजतात. असे मूल वर्गात दिसले की आम्ही आता त्याच दिवशी पालकांना बोलावतो. बहिणीला मात्र दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन आहे. पावसाळ्यात नाल्याला पाणी चढते, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशीच ती आमच्याकडे मुक्कामाला येते.