भाऊबीजेला घाट उतरून

दसऱ्याला दारात ट्रॅक्टर उभा राहिला तर गाव पेढा मागते, आणि मोटार उभी राहिली तर गाव हिशेब मागते. "यंदा द्राक्षाला एवढा भाव लागला व्हय?" हा पहिला प्रश्न आणि "ही शेतात जाती का?" हा दुसरा. २०२५ च्या दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, आमच्या दारात छोटी मोटार आली तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे होते आणि दुसऱ्याचेही जवळजवळ तेच. मग घेतली कशाला, असे तुम्ही विचाराल. ते सांगतो.

आमचे गाव विट्याजवळ. खानापूर तालुका पिढ्यान्‌पिढ्यांचा दुष्काळी. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून आता चार एकर द्राक्षबाग उभी आहे. घरात मोटारसायकल आहे, ट्रॅक्टर आहे. या दोन वाहनांवर तरण्या माणसाचे काही अडत नाही. अडते ते म्हाताऱ्यांचे. आमचे आबा शहात्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे गेलेले. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट झाली, पण एसटीची पायरी कोण चढवणार? आणि त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, राहते सह्याद्रीच्या पलीकडे, चिपळूण तालुक्यात पोफळीला. तिचे यजमान कोयनेच्या वीजघरात कामाला होते, तिथेच त्यांनी घर केले. नऊ वर्षे झाली, आबा भाऊबीजेला तिच्याकडे गेले नव्हते. भाड्याची गाडी करू म्हटले की म्हणत, "बहिणीच्या ताटात पाश्शे घालायला पाच हजाराची गाडी? आक्काच हसंल मला."

छोटी मोटार आपल्याकडे नवी नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात दिली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आत होती. ती गाडी २०१४ पर्यंत निघत होती. पण ती शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या दारात दिसायची. आमच्यासारख्याच्या दारात यायला चाळीस वर्षे लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ टक्के झाला, तेव्हा सौभाग्यवतीने माझ्याआधी हिशेब केला. निम्मे पैसे बागेचे, निम्मे कर्जाचे. इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या ट्रॅक्टरचे हप्ते सहामाही होते, मोटारीचे मात्र दरमहा आहेत. बागेचा पैसा येतो उन्हाळ्याच्या तोंडाला, वर्षातून एकदा. तेव्हा वर्षाच्या हप्त्यांची रक्कम आधीच बाजूला काढून बँकेत ठेवायची, नाहीतर औषधफवारणीच्या दिवसांत हप्ता अंगावर येतो.

पहिल्या आठवड्यात गाडी शेतात नेली. आमच्या रस्त्याला ट्रॅक्टरने दोन चाकोऱ्या पडल्या आहेत आणि मध्ये उंचवटा. गाडीच्या पोटाखाली जागा साडेसहा इंच. मधला दगड खालून घासला तो आवाज माझ्या दातांत बसला. तेव्हापासून गाडी डांबरी सडकेवर ठेवून बागेपर्यंत चालत जातो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते हेच.

नव्या इंजिनाला पहिले हजार किलोमीटर जपावे लागते, फार पळवायचे नाही, एकाच वेगात तासन्‌तास ठेवायचे नाही, असे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेले. ते पुस्तक आमच्या नववीतल्या पोराने पाठ केले. भाऊबीज २३ ऑक्टोबरला. तोवर गाडी साडेपाचशे चालली होती. बागेची छाटणी होऊन गेलेली, फवारणीचे दिवस. चुलतभावाने एक दिवस बाग आणि जनावरे सांभाळायचे कबूल केले. सौभाग्यवतीने आपल्या भावाला फोन करून दोन दिवस उशिरा यायला सांगितले. असे सगळ्यांनी थोडे थोडे सरकून जागा केली तेव्हा आबांची भाऊबीज जमली.

पहाटे पाचला निघालो. डिकीत जोंधळ्याचे पीठ, शेंगदाणे, फराळाचे डबे. वर डाळिंबाचा क्रेट ठेवला तर गाडीचे मागचे अंग बसले. गावच्या पहिल्याच गतिरोधकावर खाली घासले, तेव्हा क्रेट परत घरी. पाच माणसे आणि ओझे असेल तर चाकात हवा थोडी जास्त भरावी लागते. किती, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापील कागद चिकटवलेला असतो त्यात असते, हे पोराने दाखवले. आम्ही आपली मोटारसायकलच्या अंदाजाने भरत होतो.

आबांना पुढे बसवले, सीट पूर्ण मागे सारून. पट्टा लावायला गेलो तर म्हणाले, "म्या काय पळून जातुय व्हय? दावणीला कशाला बांधतूस?" आई मागून म्हणाली, "बांध, बांध. चाळीस वरसं मला जमलं न्हाई ते."

कडेगावावरून कराडला आलो तो उजाडले. कृष्णा उत्तरेकडून येते आणि कोयना पश्चिमेकडून येऊन दक्षिणेच्या बाजूने तिला समोरासमोर भिडते, म्हणून तो प्रीतिसंगम. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी. जन्म त्यांचा आमच्याकडचा, देवराष्ट्र्याचा. आबांनी गाडीतूनच हात जोडले. संगमाच्या थोडे खाली टेंभू. तिथे कृष्णेवर बंधारा घालून पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने चढवत आमच्या माळावर आणतात. उन्हाळ्यात त्या पाण्यातले मोठे दान कोयनेच्या धरणातून सोडलेले असते. बागेला पाणी देताना हे कधी मनात येत नाही. त्या दिवशी पाण्याच्या उलट दिशेने, कोयनेच्या काठाकाठाने चाललो होतो तेव्हा आले.

पाटणपर्यंत ऊस, पुढे भाताची खाचरे, सोंगणीला आलेली. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या. रस्त्याचे काय सांगावे? काही ठिकाणी गुळगुळीत, काही ठिकाणी खड्ड्यांतून रस्ता शोधायचा. बारीक चाकांची गाडी खड्ड्यात हळू घालायची एवढेच आपल्या हातात.

हेळवाक आले आणि आबांनी गाडी थांबवायला सांगितली. महाबळेश्वराकडून दक्षिणेला वाहत आलेली कोयना इथे काटकोनात पूर्वेला वळते. आबा काचेतून बघत राहिले. मग बोलले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. धक्का आमच्या गावातही जाणवला होता. कोयनानगरात घरे पडली, माणसे गेली एवढे कळले, पण पोफळीचे काहीच कळेना. आत्याच्या लग्नाला चार वर्षे झाली होती. आजोबांनी आबांना धाडले. कराडपर्यंत एसटी, पुढे मिळेल त्या ट्रकने, मध्ये चालत. "हितं बसलो हुतो त्या वळणाला," आबा म्हणाले, "पुढं जायाला पाय उचलंना. म्हटलं, जाऊन काय बघायचं?" आम्ही ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. आईनेही नाही. आत्या तेव्हा अंगणात चूल मांडून भाकरी करत होती, असे ते शेवटी म्हणाले आणि पुढे "चल" एवढेच.

कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून धरण समोर दिसते. उंची १०३ मीटर. पाठीमागे शिवाजीसागर, सुमारे १०५ टीएमसीचा. त्यातले बरेचसे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेऊन पोफळीच्या बाजूला वीजघरांत सोडतात, वीज करून ते वाशिष्ठीतून समुद्राला जाते. सगळ्या टप्प्यांची मिळून १,९६० मेगावॅट वीज. आपला कृषिपंप त्यातल्या किती थेंबांवर चालतो कुणास ठाऊक, पण एवढे पाणी समुद्राकडे जाते हे ऐकून दुष्काळी भागातल्या माणसाच्या पोटात कालवते, ते माझ्याही कालवले. आणि धरणाखाली ज्यांची गावे गेली ती माणसे सांगली-सोलापूरपर्यंत जाऊन वसली, हेही इथे उभे राहून आठवावे.

आता घाटाचे सांगतो, कारण चूक माझी झाली आणि ती तुमच्या हातून होऊ नये. कुंभार्ली घाट आपल्या बाजूने फारसा चढायचा नाही, उतरायचाच. मोटारसायकलवर उताराला आपण गाडी न्यूट्रल करतो, पेट्रोल वाचावे म्हणून. मी तेच केले. पाच माणसे, डिकीत ओझे, वळणावर वळण, आणि मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून. चार-पाच वळणांनंतर करपल्यासारखा वास आला. पेडल दाबले तर नेहमीपेक्षा खोल गेले आणि गाडी हवी तिथे न थांबता दोन हात पुढे जाऊन थांबली. समोर कठडा, खाली दरी. कुणी काही बोलले नाही. पोराने उतरून चाकाला दगड लावला.

मागून येणारा एक ट्रकवाला थांबला. खाली उतरून वास घेतला आणि म्हणाला, "पावणं, न्यूट्रल टाकला हुता न्हवं?" मी मान हलवली. तो ओरडला नाही, त्याने समजावले. घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरायचा. दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडीला मागे खेचून धरते, ब्रेक फक्त वळणापुरता, दाबायचा आणि सोडायचा. किल्ली तर फिरवायचीच नाही. इंजिन बंद झाले की ब्रेकचे पेडल दगडासारखे होते आणि स्टिअरिंग जड होते. पेट्रोलचे म्हणाल तर पोराने पुस्तकातून काढले, हल्लीच्या गाड्यांत गिअरात ठेवून पाय काढला की उताराला इंजिन पेट्रोल घेणे जवळजवळ थांबवते, उलट न्यूट्रलमध्ये थोडे जळतच राहते. म्हणजे माझी काटकसर तीही खोटी. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका म्हणाला, आपोआप निवू द्या. आम्ही अर्धा तास बसलो. आबा म्हणाले, "बैल ऊर फुटस्तवर वडतो, पर उताराला गाडी अंगावर घिऊन त्यो बी टाचा रोवतो. तू तेवढं बी केलं न्हाईस." मग दुसऱ्या गिअरात, सायकलच्या चालीने, खाली पोफळीला आलो.

आत्या ऐंशीची. दारात पाट मांडून, तबक घेऊन सकाळपासून बसलेली. आबा गाडीतून आधी पाय बाहेर काढून, मग दाराला धरून उठले. ती म्हणाली, "आलास व्हय रं?" आबा म्हणाले, "लांबनंच वास आला न्हाई का? गाडी जाळत आलो." मग तिने ओवाळले. आबांचे गुडघे पाटावर बसू देत नव्हते म्हणून खुर्चीवर बसवून ओवाळले, आणि तिचा हात पोचेना तेव्हा आतेभावाने तबक खालून धरले.

मी दुसऱ्या दिवशी गुहागरचा समुद्र दाखवतो म्हटले. इतक्या लांब आलो आहोत, आई-आबांनी समुद्र पाहिलेला नाही. आबा म्हणाले, "त्यो कुठं जातुय?" आणि भाऊ-बहीण ओसरीवर बसून बोलत राहिले. आईचे तोंड मात्र जरा पडले, ते मी पाहिले. तिचा समुद्र राहिला आहे.

परतायच्या वेळी आत्या म्हणाली, मला माहेर बघायचंय. गाडी पाच माणसांची आणि आम्ही आलेलोच पाच. सौभाग्यवतीने पिशवी उचलली. "बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट आहे," ती म्हणाली आणि पोराला घेऊन कराडच्या एसटीत बसली. सहावे माणूस मागे कोंबावे असे माझ्या मनात आले होते, पण कालचा कठडा डोळ्यांसमोर होता. चढाला एसी बंद केला, पहिला-दुसरा गिअर सोडला नाही, आणि थांबावे लागले तिथे हँडब्रेक ओढून मग क्लच सोडत निघालो. गाडी कुरकुरली, पण चढली. घरी आल्यावर टाकी पुन्हा भरून हिशेब केला. दोनशे साठ किलोमीटरला चौदा लिटर पेट्रोल.

आत्याला आधी बाग बघायची होती. डांबरी सडकेवर गाडी उभी केली आणि म्हटले, आत्या, पुढे ही जात नाही. "मी जाती की चालत," ती म्हणाली. आबा काठी टेकत, ती त्यांचा दंड धरून, दोघे चाकोरीने चालत गेले. शेततळे काठोकाठ होते. ती काठावर उभी राहिली. तिच्या लहानपणी त्या जागी नुसता मुरूम होता.

"हे पाणी कुठलं रं?" तिने विचारले.

"तुझ्याकडचंच हाय," आबा म्हणाले.