पाच मिलिव्होल्टचं गाणं

ज्याच्या घरी ग्रामोफोन नाही तो माणूस सुखी. ज्याच्या घरी ग्रामोफोन आहे, पण त्यातलं काही कळत नाही, तो त्याहून सुखी. सुखाच्या या यादीत ज्याचं नाव कुठेच सापडायचं नाही असा तिसरा एक वर्ग आहे. त्याच्याकडे ग्रामोफोन असतो आणि ‘आवाज अजून थोडा सुधारेल हो’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मी त्या वर्गातला. या माणसाला गाणं कसं होतं म्हणून विचारलं, तर तो ‘खर्ज जरा सैल वाटला’ असं सांगतो. गाणाऱ्याचा नव्हे, स्पीकरचा.

आमच्या चाळीसगावला हे प्रकार तसे नवे नाहीत. म्हणजे रेकॉर्डींचे नव्हेत, घरात बसून एकाच गोष्टीच्या मागे लागण्याचे. केकी मूस हे थोर छायाचित्रकार स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात सुमारे अर्धं शतक जवळजवळ बाहेर न पडता राहिले आणि टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंमधून निसर्गदृश्यं उभी करत राहिले. 1989 साली ते गेले. तेव्हा मी आठ दिवस दिवाणखान्यात वायरी धरून बसलो, तर गावाने ‘हा आणखी एक’ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या गावात डॉक्टरला बोलावणं गेलं असतं.

रेकॉर्डी वडिलांच्या. पगारातून चार पैसे बाजूला टाकून घेतलेल्या, प्रत्येकीच्या पाकिटावर शाईने तारीख घातलेली. वडील गेले, त्यांचा ग्रामोफोनही गेला आणि ट्रंक माळ्यावर गेली. त्या रेकॉर्डींची आठवण ठेवून असलेलं एकच माणूस आता घरात उरलं आहे, ते म्हणजे आत्या. वडिलांची धाकटी बहीण, नव्वदीला टेकलेली. तिचं सासर धुळ्याकडचं, त्यामुळे ती रागावली किंवा खूश झाली की अहिराणीत शिरते. ‘दादाच्या रेकॉर्डी एकदा ऐकव रे,’ एवढंच तिचं मागणं होतं. नव्वदीच्या माणसाला ‘बघू पुढच्या वर्षी’ असं म्हणता येत नाही.

2018 साली न्यू जर्सीचा भाचा येताना एक जुना टर्नटेबल घेऊन आला. ‘मामा, वजन बघा नुसतं!’ वजन खरंच होतं. अमेरिकेतली वीज 120 व्होल्टची, म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मरही होता. माणिक वर्मांची रेकॉर्ड लावली, सुई टेकवली, आणि आत्या दोन ओळी ऐकून म्हणाली, ‘बाईना गया बठेल शे का रे?’ (अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘गया’ म्हणजे गळा. बिहारातलं तीर्थक्षेत्र नव्हे.)

गळा बसलेला नव्हता. आत्याने भजनाची पेटी ओढली आणि गाणं पुरत्या तीन पट्ट्या खाली आहे असं दाखवून दिलं. याचं कारण मोठं मजेशीर आहे. तिकडची वीज सेकंदाला 60 हेलकावे खाते, आपली 50. टर्नटेबलची ती मोटर हेलकावे मोजून फिरणारी. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हेलकावे बदलत नाहीत. त्यामुळे मिनिटाला 33⅓ फेरे घ्यायची ती रेकॉर्ड पावणेअठ्ठावीस फेरेच घेत होती. तीन मिनिटांचं गाणं तीन मिनिटं छत्तीस सेकंद चालत होतं. साठाला पन्नासाने भागा, सहास पाच येतात, आणि षड्जापासून कोमल गंधार बरोबर तेवढाच लांब असतो. म्हणजे अमेरिका आपल्यापासून नक्की किती दूर आहे हे आम्हाला चाळीसगावात बसून कळलं. एक कोमल गंधार!

उपाय सोपा होता. मोटरवरची पुली वीस टक्के जाड हवी. आमच्या लेथवाल्याने उसाच्या चरकापासून मोटारसायकलपर्यंत सगळ्याचे भाग केलेले. हा पितळेचा बोटभर तुकडा त्याने दहादा फिरवून पाहिला आणि विचारलं, ‘हे चालल्यावर काय निघतं?’ मी म्हटलं, ‘गाणं.’ त्याने पैसे आगाऊ घेतले.

वेग बरोबर आला की नाही हे पाहायला 180 रेघांची कागदी चकती मिळते. ती रेकॉर्डवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली पाहायची. आपला दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्यामुळे वेग बरोबर असला की फिरत्या रेघा चक्क उभ्या राहिलेल्या दिसतात. पण घरातले सगळे एलईडी दिवे मेले इतके सज्जन निघाले की लुकलुकायलाच तयार नाहीत. शेवटी देवघरातली जुनी चोकवाली ट्यूब उपयोगी पडली, आणि टर्नटेबलची प्रतिष्ठापना दोन दिवस देवांशेजारी झाली. आमच्या सौभाग्यवतींनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. आमच्याकडे व्होल्टेज संध्याकाळी हवं तसं उड्या मारतं, पण हेलकाव्यांत फारसा फरक पडत नाही. 2013 च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं जाळंही जोडलं गेल्यापासून काश्मीर ते कन्याकुमारी विजेचा ठेका एकच आहे. राष्ट्रीय एकात्मतेचा एवढा चोख पुरावा मला दुसरा माहीत नाही.

आता प्री-अँप. हे प्रकरण समजावून सांगताना मी आजवर पाच पाहुणे गमावले आहेत, तरी सांगतो. रेकॉर्डच्या खाचेत खर्ज आहे तसा कोरला तर खाच इतकी झोकांड्या खाईल की शेजारच्या खाचेत जाऊन पडेल. म्हणून कोरताना खर्ज दाबतात आणि तार सूर फुगवतात. वाजवताना त्याच्या बरोबर उलट करायचं, ते काम प्री-अँपचं. आपल्या खानदेशातल्या बिबड्यांसारखं. उन्हाळ्यात वाळवून डब्यात मावेल इतक्या करायच्या, तेलात पडल्या की मूळ रूप. किती दाबायचं याचं प्रत्येक कंपनीचं आपलं प्रमाण असे, घराघरातल्या काळ्या मसाल्यासारखं. 1954 साली अमेरिकेतल्या कंपन्यांनी एक प्रमाण ठरवलं आणि पुढे ते जगभर चाललं.

दुसरं काम आवाज वाढवण्याचं. साध्या सुईतून निघणारी वीज जेमतेम पाच मिलिव्होल्ट. टॉर्चच्या सेलमध्ये याच्या तीनशेपट असते. गायिकेचा सगळा जीव या पाच मिलिव्होल्टमध्ये. प्री-अँप तो शंभरपट करतो. 1977 साली नासाने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या रेकॉर्डी अंतराळात धाडल्या, त्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे. सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिलं आहे. प्री-अँप मात्र दिलेला नाही. कुठल्या परग्रहावर केसरबाई बारीक आवाजात लागल्या, तर तिथल्या मंडळींनी आमच्याकडे यावं. पुलीचीही व्यवस्था होईल.

पण शंभरपट करताना प्री-अँप आपलं-परकं पाहत नाही. घरातल्या विजेची घरघर आत शिरली तर तिलाही वाढवतो, आणि खर्ज फुगवण्याच्या नादात तिला आणखी सातपट करतो. माणिकबाईंच्या मागे एक बेसूर तंबोरा लागला. आत्याने पेटीवर त्याचीही पट्टी काढली. ‘पांढरी पाच, पण किंचित चढी.’ नंतर मी हिशेब केला, बाई तंतोतंत बरोबर होती.

वायरमन म्हणाला, अर्थिंग करा. खड्डा, कोळसा, मीठ. त्याने जागा निवडली ती तुळशीजवळची, रोज पाणी पडतं म्हणून. सौभाग्यवती बाहेर आल्या. ‘अहो, तुळशीच्या मुळाशी मीठ घालताय?’ मग खड्डा मोरीमागे झाला. तिथेही पाणी असतंच. इकडे मे महिन्यात जमीन तव्यासारखी होते, ओल गेली की अर्थिंग नावापुरतंच उरतं. घराला ते हवंच होतं, झालं ते उत्तम झालं. घरघर मात्र तशीच राहिली. ती गेली एका हिरव्या तारेने. टर्नटेबलच्या अंगापासून प्री-अँपच्या मागच्या स्क्रूपर्यंत जायची ही तार प्रवासात तुटून खाली दडलेली होती. ती जोडली, आणि घरात अशी शांतता पसरली की मोरीतलं टपटपणारं पाणी ऐकू आलं. वायरमनने श्रेय खड्ड्याला दिलं.

सुईचं वजन हा वेगळा अध्याय. आमची सुई रेकॉर्डवर पावणेदोन ग्रॅमने टेकायला हवी. हलकी ठेवली की रेकॉर्ड कमी झिजेल असं लोकांना वाटतं, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती फोडते. दोन ग्रॅम बिनचूक तोलणारा माणूस म्हणजे सोनार, आणि जळगाव जिल्ह्यात सोनाराला काय तोटा! आमच्या सोनाराने खिशातला काटा दिला आणि विचारलं, ‘घडणावळ धरून की नुसतं?’

राहता राहिली मालगाडी. घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. मालगाडी गेली की सुईला वाटे हेच गाणं. त्यावर शहाबादी फरशी आणि तिच्याखाली निम्मी हवा भरलेली स्कूटरची ट्यूब ठेवली. वर गवंड्याची लेव्हल लावून फरशी सपाट केली. पाऊणएक गाडी अडली. उरलेली पाव अजून येते. जुन्या लाखेच्या रेकॉर्डी स्पिरिटने पुसू नयेत, एवढं मात्र ज्याच्या ट्रंकेत त्या असतील त्याने ध्यानात ठेवावं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच सुतार कपाटाला पॉलिश करतो.

हे सगळं जमेपर्यंत एक वर्ष गेलं, आणि त्या हिवाळ्यात आत्याचा डावा कान गेला. डाव्या स्पीकरमधून येणारी सतार तिच्यापुरती मंदावली. रेकॉर्ड लावली की ती मान वळवून कुठून काय येतंय ते शोधायची. कुणाला काही बोलायची नाही. हायफायच्या शौकिनांपैकी एकाने मला अठरा हजारांची वायर सुचवली.

प्री-अँपवर ‘मोनो’ असं लिहिलेलं एक बटण होतं. शौकीन मंडळी त्याच्याकडे बघतही नाहीत. ते दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होऊन दोन्हीकडून सगळं येतं. शिवाय वडिलांच्या जुन्या मोनो रेकॉर्डींत सूर फक्त आडव्या हालचालीत असतो. धुळीची खरखर उभीही होते, आणि दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती उभी खरखर आपसात कटून जाते. मी बटण दाबलं आणि आत्याची खुर्ची उजवा कान स्पीकरकडे येईल अशी फिरवली.

पहिलं गाणं संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आते बरं आयकू येस. परत लाव.’

‘आत्या, मालगाडी येतेय. जाऊ दे, मग लावतो.’

‘मालगाडीले काय आयकू येस? लाव तू.’