ताडकळसच्या अंगणातले घड्याळ

परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यात ताडकळस आहे. इथल्या काळ्या रानात दुपारी म्हातारे माणूस वर पाहते आणि म्हणते, "दिवस डोक्यावर आला, शिदोरी सोडा." पोरगा मोबाईल दाखवून हसतो, "आबा, बारा कधीच वाजून गेले!"

यात आबांचे काही चुकलेले नसते. साऱ्या देशाची घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२॥ रेखांशावर लावलेली. ताडकळस पडते ७७ च्या आसपास. एक अंश पश्चिमेला सरकायला सूर्याला ४ मिनिटे लागतात. म्हणून इथली खरी दुपार सरासरीने १२ वाजून २२ मिनिटांनी होते. जुन्या मोजणीची घटका २४ मिनिटांची, तेव्हा घटकाभराचाच फरक म्हणा ना! त्यातही फेब्रुवारीत दुपार १२.३६ पर्यंत लांबते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.०६ लाच येते.

हे घड्याळ तुम्हांला अंगणात मांडता येईल. नुसती उभी काठी पुरत नाही. ऋतू पालटला की तिच्या सावलीच्या खुणा हुकतात. त्यापेक्षा फळीचा त्रिकोण कापा. पाया ३६ इंच, एका टोकाची उभी बाजू साडेबारा इंच. ही उंच बाजू उत्तरेला ठेवून फळी सपाट ओट्यावर उभी करा. रात्री तिची तिरपी कड ध्रुवाकडे रोखली आहे ना, ते डोळा लावून पाहा. ताडकळसहून ध्रुव क्षितिजावर साधारण १९ अंश दिसतो, आणि फळीचा चढही तेवढाच आहे. दूरच्या गावाला चढ बदलावा लागेल. एप्रिलच्या मध्याला मनगटी घड्याळ पाहून तासातासाला सावलीवर खुणा करा. पुढे वर्षभर फार तर पाव तासाचा फरक पडेल.

एक गंमत घरातल्या मुलांना जरूर दाखवा. १७ मे आणि २६ जुलैच्या सुमारास भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. मधल्या दिवसांत ती चक्क दक्षिणेला पडते. जुलैत मात्र ढग बघू देतील तर!

आभाळ भरल्यावर सावलीचे घड्याळ बंदच. तेव्हा लग्नाचा मुहूर्त साधायला जुन्या लोकांनी घटिकापात्र वापरले. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की घटका झाली. अशी वाटी करायची असेल तर भोक आधी सुईएवढेच पाडा आणि २४ मिनिटे जुळेपर्यंत थोडे थोडे वाढवा. मोठे झाले तर डाग द्यायला कासाराकडे जावे लागेल.