पोटापुरती गिटार

1973 साली ‘यादों की बारात’ पाहून आलो आणि गिटारसाठी रुसून दोन वेळा जेवलो नाही. “आधी बी.कॉम. हो, मग तुणतुणं वाजव,” बाबा म्हणाले. बी.कॉम. झालो, मग नोकरी, लग्न, पोट असं सगळं यथाक्रम होत गेलं.

यंदा मे महिन्यात इतवारीतल्या एका दुकानात जुन्या गिटारी दिसल्या. मोठी मांडीवर घेतली, तर पोट आडवं आलं. लहान घेतली, तर नातवाचं खेळणं पळवल्यासारखं वाटलं. मधली मात्र बरोब्बर बसली.

“गिब्सन है साब!”

चष्मा लावला. नाव होतं ‘गिव्हसन’. म्हणजे अमेरिकेची नव्हे, आपल्या कलकत्त्याची! भाव तेवढा अमेरिकेचा. बंदूक रोखावी तशी मान डोळ्यापुढे धरली, वाकलेली नव्हती. 12व्या पडद्यावर तार दाबली, वरचा सा चोख लागला. ब्रिजखाली बसचं तिकीट सरकवून पाहिलं, शिरलं नाही. 45 डिग्रीत माणसाचे सांधे सुटतात, तिथं हिचा सरस टिकला होता! निम्म्या भावात घेतली.

“काहून गा, या वयात?” शेजाऱ्यानं विचारलंच.

घरी जागेचा प्रश्न. कूलरसमोर ओल, गच्चीवरच्या खोलीत भट्टी. शेवटी बाबांच्या तसबिरीखाली ठेवली. हसू नका, पण अजून वाजवलेली नाही. बी.कॉम.चं सर्टिफिकेट तेवढं शोधून ठेवलंय.