आवडलेलं सांगणं

आवडलेलं पुस्तक किंवा सिनेमा दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यात थोडी मिरवायची हौस असते, हे मान्य. पण निव्वळ तेवढंच असतं असं मला वाटत नाही. एक उदाहरण पाहा: पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांची रिळं शोधून जपली, पण डबे फडताळात ठेवून ते थांबले नाहीत. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात, सुपारीच्या बागांत राबणाऱ्यांपर्यंत ‘बायसिकल थीव्ज’ हा इटालियन सिनेमा पोचला, तो नायर आणि तिथल्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेचे सुब्बण्णा यांच्या अशाच उत्साहामुळे. चोरीला गेलेल्या सायकलीसाठी बापलेक रोमभर वणवण करतात. ते कळायला इटालियन यावी लागत नाही, कुणीतरी पडदा मात्र लावावा लागतो.

आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग सांगायचं कशाला, असं कुणी म्हणेल. पण मिळणं आणि पाहिलं जाणं यांत अंतर आहे. यादी जितकी लांब, तितकं ओळखीच्या माणसाच्या शब्दाला मोल. त्याची आवड ठाऊक असल्याने तो शब्द नाकारताही येतो. सांगण्याची जाहिरात नेमकी कुठे होते, ती रेघ मात्र मला अजून ओढता येत नाही.